चार बाइटांची अट

बायनरी फाइल म्हणजे माणसाने वाचावी म्हणून नव्हे, तर यंत्राने वापरावी म्हणून रचलेली फाइल. तिच्यातील वाचण्याजोगा मजकूर निवडून काढणारी ‘स्ट्रिंग्ज’ ही कमांड इतकी साधी दिसते की तिचे स्वतंत्र विवेचन करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. परंतु जुन्या, बिघडलेल्या डिस्कांवरून मराठी दस्तऐवज परत मिळवण्याच्या कामात जे मुरले आहेत, त्यांचा सारा झगडा या कमांडच्या एकाच अटीभोवती फिरत राहतो. छापता येण्याजोगी किमान चार चिन्हे सलग आली तरच त्या तुकड्याला मजकूर समजायचे, ही ती अट होय. बिल जॉय यांनी १९७८ साली बर्कली येथे ही कमांड लिहिली तेव्हापासून हा आकडा तिच्यात आहे आणि लिनक्सवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ग्नू आवृत्तीतही तो तसाच चालत आला आहे. मजकूर ओळखण्याची ही रीत अगदीच प्राथमिक असल्याची कबुली बर्कलीच्या वापरपुस्तिकेतच दिलेली होती, आणि त्या प्रामाणिकपणामुळे या साधनाविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात कायम आदर राहिला आहे.

ही अट किती सैल आहे हे हिशेब मांडल्यावरच कळते. एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी कोणतेही मूल्य असू शकते. त्यांपैकी ९५ मूल्ये आस्की या १२८ चिन्हांच्या अमेरिकी संकेतप्रणालीत छापण्याजोगी आहेत आणि टॅबचे चिन्हही स्ट्रिंग्ज त्यांतच धरते, म्हणजे एकूण ९६, अर्थात तीन-अष्टमांश मूल्ये ग्राह्य ठरतात. अशी चार सलग येण्याची शक्यता सुमारे २ टक्के असल्याने, निव्वळ यदृच्छेने भरलेल्या एका मेगाबाइटमधून जवळपास १३,००० निरर्थक तुकडे बाहेर पडतात; अट सहावर नेली की ते सुमारे १,८०० उरतात आणि आठवर नेली की अडीचशेच्या आसपास. संकुचित केलेला डेटा, मग तो छायाचित्राचा असो वा झिप फाइलचा, असाच यदृच्छ दिसतो, म्हणून जाणता हात मोठ्या डिस्कवर चारचा आकडा लगेच वाढवतो. त्यात आखूड पण मोलाचे शब्द गळून पडतात, हे माहीत असूनही तो सौदा पत्करला जातो. हा सौदा मुळात इंग्रजीचा आहे. तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट, आणि तोच बाइट कचऱ्यातही हमखास सापडणारा, त्यामुळे मजकूर आणि कचरा यांच्यात लांबीखेरीज दुसरा भेद करता येत नाही.

मराठीला हा सौदा लागू का व्हावा, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. युनिकोड ही जगातील लिप्यांची एकत्रित यादी असून तिच्यातील चिन्हे बाइटांत उतरवण्याची सर्वाधिक रूढ पद्धत यूटीएफ-८ ही आहे. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पहिला नेहमी २२४ असतो, दुसरा १६४ किंवा १६५, आणि तिसरा १२८ ते १९१ यांच्या दरम्यान. यांतला एकही बाइट आस्कीच्या मर्यादेत बसत नसल्यामुळे कोणताही पर्याय न देता चालवलेली स्ट्रिंग्ज मराठीने गच्च भरलेल्या फाइलवरून जाते आणि तिथे काहीच नाही असे सांगते. १२७ च्या वरचे सर्व बाइट ग्राह्य धरण्याचा एक पर्याय तिच्यात आहे खरा, पण तो लावला की दर आठांतील सात मूल्ये मजकूर ठरतात आणि पडद्यावर पूर येतो. ग्नू स्ट्रिंग्ज ज्या संचातून येते त्या बिनयुटिल्सच्या, २०२२ साली आलेल्या २.३८ या आवृत्तीने यूटीएफ-८ ओळखणारा वेगळा पर्याय दिला. तो निश्चितच स्वागतार्ह आहे, तथापि तो जगातील सर्व लिप्यांना सारखेच दार उघडतो, आणि योगायोगाने जुळलेली परकी चिन्हे मराठीच्या शेजारी येऊन बसतात.

या अडचणीवर मात करण्याची जुनी रीत डोळ्यांची होती. विंडोजवरील १९९७ नंतरच्या जुन्या वर्ड फाइलींत देवनागरी मजकूर यूटीएफ-१६ या पद्धतीने, म्हणजे दर चिन्हास दोन बाइट देऊन, साठवलेला असतो. त्या दोहोंपैकी एक बाइट देवनागरीसाठी कायम ९ असतो, आणि ९ म्हणजे आस्कीतील टॅब, जो स्ट्रिंग्जला चालतो. दुसरा बाइट ठ या अक्षरापासून पुढे ३२ किंवा त्याहून वर जातो, म्हणजे तोही छापण्याजोगा ठरतो. परिणामी ‘मराठी’ हा शब्द साध्या स्ट्रिंग्जमधूनही बाहेर येतो, मात्र टॅबांनी दूर दूर केलेल्या पाच खुणांच्या रूपात: टिंब, शून्य, ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह, मोकळी जागा आणि शेवटी ‘ॲट’चे चिन्ह. क पासून ट पर्यंतची अकरा व्यंजने, बहुतेक स्वतंत्र स्वर आणि अनुस्वार यांचे बाइट मात्र ३२ च्या खाली राहतात आणि तिथे शब्द तुटतो. म्हणून ‘महाराष्ट्र’ दोन तुकड्यांत येतो आणि ‘कोकण’ ओळखू येत नाही. ज्याला हे ठाऊक नाही त्याला ती ओळ कचरा वाटते. ज्याला ठाऊक आहे तो ‘पेक्षा मोठे’च्या चिन्हाला काना, इंग्रजी मोठ्या ‘एम’ला हलन्त आणि ‘जी’ला मात्रा म्हणून वाचू लागतो.

असे वाचता येणे ही प्रस्तुत लेखकाच्या गर्वाची जागा होती, हे नोंदवणे आवश्यक आहे. टर्मिनलवर सरकत जाणाऱ्या ओळींतून एखाद्या खरेदीखताचा मजकूर बोट ठेवून दाखवावा आणि शेजारी उभ्या असलेल्यांनी स्तब्ध व्हावे, यात ज्ञानापेक्षा दिमाख अधिक होता, आणि त्या दिमाखापायीच ही विद्या कधी यंत्राच्या स्वाधीन करावीशी वाटली नाही. दृष्टी मंदावू लागली तेव्हाही अक्षरांचा आकार वाढवून तेच काम रेटले गेले.

बदल घडवला तो हाताखाली शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाने. मराठीसाठी किमान चारच का, असे तिने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता गणित मांडले. यदृच्छ बाइटांत २२४, मग १६४ किंवा १६५, मग १२८ ते १९१ यांतील एखादे मूल्य, असा त्रिकूट योग जुळण्याची शक्यता १,३१,०७२ मध्ये एक आहे. एका मेगाबाइटमध्ये असे सुमारे आठ एकटे योग येतील. पण दोन त्रिकुटे लागोपाठ येण्यासाठी सरासरी १६ गिगाबाइट कचरा चाळावा लागेल. म्हणजे यूटीएफ-८ मधील मराठीसाठी चारची अट कडक आहे, आठची तर अनाठायी आहे, दोनची पुरेशी आहे. युनिकोडच्या मोजणीत काना, वेलांटी हीदेखील स्वतंत्र चिन्हे असल्यामुळे ‘मी’ हा शब्दही त्या अटीत बसतो. इंग्रजीच्या चार अक्षरांना जे प्रामाण्य कधीच लाभत नाही ते मराठीच्या दोन चिन्हांना लाभते, आणि ज्या तीन बाइटांना आजवर केवळ जागेची उधळपट्टी म्हणून नावे ठेवली गेली, त्यांच्यामुळेच हे घडते. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली यूटीएफ-८ ची रचना करताना चिन्हाचा आरंभीचा बाइट आणि त्यामागून येणारे बाइट यांची मूल्ये वेगळी राखली. त्यामुळे डिस्कच्या ५१२ बाइटांच्या तुकड्याच्या कडेवर एखादे चिन्ह चिरले गेले तरी नुकसान त्या एकाच चिन्हाचे होते, पुढचा मजकूर शाबूत राहतो.

तिने लिहिलेला छोटा गाळणी-प्रोग्राम मात्र पहिल्याच चाचणीत एका ठिकाणी अडला, आणि ते ठिकाण अस्सल मराठी होते. ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील अर्धा र, ज्याची खूण व्यंजनाच्या डोक्यावर न जाता डाव्या बाजूस आडवी येते, तो साठवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत: एकीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त येतात, तर दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे स्वतः न दिसता शेजारच्या अक्षराचे रूप बदलणारे चिन्ह. हा जोडक देवनागरीच्या विभागात नाही. त्याचे बाइट २२६, १२८, १४१ असे आहेत. देवनागरीपुरती आखलेली गाळणी तिथे थांबते आणि ‘दर्’ व ‘या’ असे दोन परके तुकडे हाती देते. ‘ॲ’ची गोष्टही तशीच: २००८ मधील युनिकोड ५.१ पासून त्याला स्वतंत्र स्थान मिळाले, त्याआधीच्या फाइलींत मात्र तो अ आणि चंद्र मिळून बनलेला आढळतो, त्यामुळे एका रूपाचा शोध घेणाऱ्याला दुसरे रूप सापडतच नाही. मराठीपुरती ही रूपे गाळणीत घालावी लागली. हिंदीसाठी तयार केलेली साधने आणून मराठीवर चालवणाऱ्यांना हे नुकसान दिसतही नाही, कारण हरवलेला शब्द कधी तक्रार करीत नाही.

येथे समव्यवसायींविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स संचातील विंडोजसाठीची स्ट्रिंग्ज तीन चिन्हांची अट ठेवते आणि आस्कीबरोबर युनिकोडही शोधते, हे तिचे मोठेपण मान्य करावे लागते. फायरआय या कंपनीने २०१६ साली आणलेले फ्लॉस हे साधन घातक प्रोग्रामांनी मुद्दाम झाकलेला मजकूर तो प्रोग्राम अंशतः चालवल्यासारखे करून बाहेर काढते, आणि त्याच्या क्षेत्रात त्याला तोड नाही. परंतु तपासकामासाठी विकल्या जाणाऱ्या भल्यामोठ्या संचांमुळे एक सवय मोडत चालली आहे, आणि ती हानी खरी आहे: मजकूर फाइलीच्या आरंभापासून कितव्या बाइटवर सापडला ते स्थान न पाहताच लोक अहवाल छापतात. त्या स्थानाशिवाय सापडलेले वाक्य मूळ दस्तऐवजातले की पुसलेल्या मसुद्यातले, हे ठरवता येत नाही. स्ट्रिंग्ज एका साध्या पर्यायाने ते स्थान सांगते; मोठे संचही सांगतात, पण विचारल्यास, आणि विचारणारे कमी झाले आहेत. २०१४ साली मिखाउ झालेव्स्की यांनी दाखवून दिले की ग्नूची स्ट्रिंग्ज केवळ बाइट चाळण्याऐवजी फाइलीची रचना समजून घेण्याचा प्रयत्न करीत होती आणि मुद्दाम बिघडवून रचलेली फाइल त्या प्रयत्नाचाच फायदा घेऊ शकत होती. संशयित फाइल स्वतःच्या रचनेविषयी जे सांगते त्यावर वाचणाऱ्याने विसंबू नये, हा मुद्दा त्यानंतर तरी सर्वांच्या अंगवळणी पडायला हवा होता.

गाळणी यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ या दोहोंसाठी आता नियमाने वापरली जाते, आणि टॅबांतून मराठी वाचण्याची विद्या निरुपयोगी झाली आहे. युनिकोड रूढ होण्याआधीच्या काळातील साठा मात्र गाळणीला दाद देत नाही. इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली भारतीय मानक म्हणून निश्चित झालेली संकेतप्रणाली, दर चिन्हास १६१ ते २५० यांतील एकच बाइट देते, त्यामुळे तिथे कचरा आणि मजकूर यांतील भेद पुन्हा इंग्रजीइतकाच धूसर होतो. त्याहून बिकट स्थिती जुन्या फॉण्टांची आहे, कारण त्यांत मराठी मजकूर मराठी म्हणून साठवलेलाच नसतो. इंग्रजी चिन्हांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. कृतिदेव फॉण्टमध्ये लिहिलेला ‘मराठी’ शब्द फाइलीत लहान ई, जे, के, मोठा बी आणि लहान एच असा असतो. पाचही चिन्हे छापण्याजोगी, चारची अट पूर्ण, स्ट्रिंग्ज ती बिनचूक बाहेर काढते, आणि वाचता मात्र काहीच येत नाही. ऱ्हस्व वेलांटी कागदावर जशी व्यंजनाआधी दिसते तशीच ती फाइलीतही आधी येते, त्यामुळे नुसता चिन्हांचा तक्ता लावून भागत नाही, क्रमही उलटवावा लागतो.

वर्डच्या फाइलीत फॉण्टचे नाव दोन-बाइटी इंग्रजी अक्षरांत नोंदलेले असते आणि स्ट्रिंग्जचा सोळा-बिटी पर्याय ते शोधून देतो. नाव मिळाले की तक्ता ठरतो. डिस्कवरून तो भागच नाहीसा झालेला असेल तर कोणत्या खुणेची वारंवारिता कान्याइतकी आहे, हलन्त कोणता असावा, याचा अंदाज बांधत फॉण्ट ओळखावा लागतो. विद्यार्थिनीचे म्हणणे असे की वारंवारितेचे कोष्टक करून हेही यंत्राकडे देता येईल, आणि तिने ते काम हाती घेतलेही आहे. प्रस्तुत लेखक तोवर तेच तुकडे कागदावर छापून डोळ्याने वाचतो, तिच्या कोष्टकाआधी फॉण्ट ओळखू आला तर त्याला अजूनही आनंद होतो, आणि तो आनंद लपवण्याचा प्रयत्न त्याने सोडून दिला आहे.