धानाच्या शेतातली राजधानी

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया, दुर्ग मागे टाकत रायपूरला येते. स्टेशनाबाहेर नेहमीची गर्दी, रिक्षांचा कलकलाट. पण वीसेक किलोमीटर पुढे गेले की चित्र पालटते. सहा पदरी रस्ते, आखीव चौक, रांगेने लावलेली झाडे. हे नवा रायपूर!

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी जन्माला आले आणि धानाच्या शेतांत, ४१ गावांच्या परिसरात नवी राजधानी आखली गेली. २०१२ मध्ये मंत्रालय इथल्या 'महानदी भवना'त आले. २०१८ मध्ये शहराला अटलबिहारी वाजपेयींचे नाव मिळाले. २०२५ मध्ये विधानसभेची नवी इमारतही उभी राहिली.

माणसे कुठे आहेत?

२०३१ पर्यंत इथे साडेपाच लाखांवर वस्ती व्हावी, असा आराखडा होता. पण माणूस इमारतींमागे धावत नाही. तो शाळा, बाजार, दवाखाना आणि नातलग पाहतो. ते सारे जुन्या रायपुरात. त्यामुळे अनेक कर्मचारी सकाळी येतात, संध्याकाळी परततात आणि रस्ते सुनसान होतात. जुने रायपूर मात्र फुगतच गेले. २००१ मध्ये सहा लाखांची असलेली वस्ती २०११ मध्ये दहा लाखांवर पोहोचली.

छत्तीसगड म्हणजे आदिवासी मुलूख, अशी आपली समजूत असते. २०११ च्या जनगणनेत राज्यात आदिवासी ३०.६ टक्के होते, हे खरे. पण त्यांची दाट वस्ती बस्तर आणि सरगुजाकडे. रायपूरच्या सपाट प्रदेशात साहू, सतनामी, यादव, कुर्मी, निषाद हे समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आता त्यांच्या शेजारी आयआयएम आणि विधी विद्यापीठातले देशभरचे विद्यार्थी आले आहेत. मराठी माणूसही इथे परका नाही. नागपूरकर भोसल्यांचे राज्य इथे होते आणि १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठीच.

जमीन गेली, पुढे काय?

खरा प्रश्न मिळकतीचा आहे. २०२३ पासून राज्य सरकार एकरी २१ क्विंटलपर्यंत धान ३,१०० रुपये भावाने घेऊ लागले. म्हणजे एकरामागे ६५,१०० रुपये, तेही दरवर्षी! ज्यांची जमीन राजधानीत गेली, त्यांना मिळाला तो मोबदला. घर बांधण्यात आणि लग्नकार्यात असा पैसा संपायला किती वेळ लागतो, हे कोणत्याही शेतकरी घरातल्या बाईला विचारा. जानेवारी २०२२ मध्ये २७ गावांचे शेतकरी याच नव्या शहरात धरणे धरून बसले होते, ते उगाच नव्हे. शहराचे यश इमारतींच्या उंचीवर मोजायचे की राखी, कयाबांधासारख्या गावांतल्या मुलांना मिळालेल्या कामावर?

काय पाहाल, कसे जाल?

छत्तीसगडी लोककला पाहायची तर 'पुरखौती मुक्तांगण', मुलांना घेऊन जायचे तर जंगल सफारी. मुंबई-हावडा मार्गावरच्या बहुतेक गाड्या रायपूरला थांबतात. विमानतळ तर नव्या शहराच्या अगदी जवळ आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यातही नोव्हेंबरात गेलात तर रुंद रस्त्यांच्या कडेला उरलेले धान कापणीला आलेले दिसेल. मुलांना ते जरूर दाखवा.