लढाई गल्लीत येते तेव्हा

वाचकहो, लढाईचा सिनेमा म्हटला म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? बर्फाचे डोंगर, तोफांचा धूर, सरहद्दीवरची चौकी आणि घरचे पत्र पुन्हा पुन्हा वाचणारा जवान. १९६४ सालचा ‘हकीकत’ तसा होता, १९९७ सालचा ‘बॉर्डर’ही त्याच वाटेने गेला. ते सिनेमे चांगलेच आहेत. पण आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते एका निराळ्या सिनेमाविषयी. त्यात सैनिक आहेत, कडक शिस्त आहे, एक चकमकही आहे. मात्र खरी लढाई जुंपते ती मुंबईच्या एका वस्तीत, पाव भाजणाऱ्या बेकरीच्या दारात.

सिनेमाचे नाव ‘प्रहार’, साल १९९१. भाषा हिंदी, पण तो घडवणारा माणूस मराठी, मुरूड-जंजिऱ्याचे नाना पाटेकर. नट म्हणून त्यांचे नाव तेव्हा झालेलेच होते. दिग्दर्शक म्हणून मात्र हा त्यांचा पहिला सिनेमा, आणि त्यातल्या मेजर चव्हाणांचे कामही त्यांनीच केले.

बेळगावचे नाव आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. ज्यांचा मुलगा, भाऊ किंवा दीर मराठा पलटणीत गेला, त्यांनी पत्रावर कधी ना कधी बेळगावचा पत्ता लिहिलेला असतो. कमांडोंचे खडतर शिक्षणही तिथेच चालते. सिनेमा करायचा म्हणून नाना जवानांत जाऊन राहिले आणि ते शिक्षण त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले. पडद्यावर ते लगेच कळते. शेतात राबलेला माणूस आणि फोटोपुरता नांगर धरणारा माणूस यांतला फरक तुम्हाआम्हाला सांगावा लागत नाही, तसेच हे आहे. पुढे १९९९ साली कारगिलच्या लढाईच्या वेळीही नाना सैन्याबरोबर जाऊन राहिले. म्हणजे वर्दीची ओढ सिनेमापुरती नव्हती.

गोष्ट थोडक्यात सांगतो. पीटर डिसूझा हा मुंबईतल्या एका बेकरीवाल्याचा मुलगा. बापाच्या मनात नसताना तो सैन्यात जातो आणि मेजर चव्हाणांच्या हाताखाली कमांडो होतो. मेजर म्हणजे दगड. ना हसणे, ना पाठीवर थाप. पुढे अतिरेकी शाळेच्या मुलांना ओलीस धरतात. कमांडो त्यांना सोडवून आणतात, पण त्यात पीटर पाय गमावतो. तो घरी परततो, बापाच्या धंद्याला हातभार लावतो, शर्लीशी त्याचे लग्न ठरते. लग्नाला यायचे म्हणून तो मेजरांना आग्रहाने बोलावतो. मेजर येतात तेव्हा घरात लग्न नसते. हप्ता मागणाऱ्या गुंडांना पीटरने नकार दिलेला असतो आणि त्यांनी त्याला ठार मारलेले असते.

इथून सिनेमा अंगावर येतो. कारण खून कोणी केला हे साऱ्या वस्तीला माहीत आहे. कोणी गॅलरीतून पाहिलेले असते, कोणी दाराच्या फटीतून. पण बोलायला कोणी तयार नाही. सरहद्दीवरच्या शत्रूशी कसे लढायचे हे मेजरांना पक्के ठाऊक आहे. कड्या लावून घरात बसलेल्या सज्जनांचे काय करायचे, हे मात्र त्यांना कोणत्याच शिक्षणात शिकवलेले नाही.

आता कामांविषयी. नानांचे काम तुम्हाला आवडेलच, ते वेगळे सांगायला नको. मला जास्त भावली ती गप्प माणसांची कामे. पीटरच्या बापाचे काम हबीब तन्वीर यांनी केले आहे. हे नाटकातले फार मोठे गृहस्थ. छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतले कलावंत घेऊन त्यांनी ‘चरणदास चोर’सारखे नाटक देशभर गाजवले. इथे ते साधा म्हातारा बेकरीवाला झाले आहेत. मुलगा गेल्याचे दुःख आहे, पण आवाज चढत नाही. खांदे तेवढे खचलेले दिसतात. तरणाताठा मुलगा गमावलेला बाप तुम्ही आपल्या गावात पाहिला असेल, तर हा म्हातारा तुम्हाला ओळखीचा वाटेल.

पीटर झालेले गौतम जोगळेकर तेव्हा लोकांना फारसे माहीत नव्हते. पुढे ‘पक पक पकाक’ हा मराठी सिनेमा त्यांनी काढला आणि त्यात नानांनाच घेतले. ‘प्रहार’मधला त्यांचा पीटर शूरवीर म्हणून मिरवत नाही. शेजारच्या घरातला पोरगा वाटतो, म्हणून तर त्याचे जाणे लागते. माधुरी दीक्षित तेव्हा केवढी मोठी नटी! पण नानांनी तिला आणि डिंपल कापडियाला रंगरंगोटीशिवाय कॅमेऱ्यापुढे उभे केले. डिंपलची किरण विधवा आहे, पदरात लहान मुलगा आहे. दोघींच्या चेहऱ्यावर घाम दिसतो, थकवा दिसतो. माझ्या घरच्या बायकांनी सिनेमा पाहून पहिली हीच गोष्ट काढली, की या आपल्यासारख्या दिसतात.

शेवट काय होतो? कोणी साक्ष देत नाही, म्हणून मेजर गुंडांना स्वतःच्या हाताने संपवतात. न्यायालय त्यांना वेड्यांच्या इस्पितळात पाठवते. आणि अखेरीस दिसते ते त्यांच्या मनातले स्वप्न. असंख्य लहान मुले त्यांच्या मागून धावत आहेत, अंगावर कपडा नाही, म्हणून जात नाही की धर्म नाही. सगळी एकाच शिस्तीत पावले टाकत आहेत.

हे सारे मी मारुंजीत बसून लिहितो आहे, म्हणून आणखी थोडे बोलतो. आमचे गाव मुळशी तालुक्यातले. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला हिंजवडीच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती. भाताची खाचरे होती तिथे आता मजल्यावर मजले चढले. जमिनीला सोन्याचा भाव आला आणि पैशामागोमाग दमदाटीही आली. बांधकाम काढले की खडी-वाळू आमच्याचकडून घ्या, कुंपण घातले की आम्हाला भेटा, असे सांगणारे चारचौघे या पट्ट्यात कुठेही उभे राहतात. प्रवीण तरडे यांनी २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’मध्ये याच मातीतली पोरे दाखवली. बापाने जमीन विकली, पैसा उडाला आणि मुलगा गुंडांच्या टोळीत गेला. ‘प्रहार’मधल्या गुंडांनाही कोणीतरी आईबाप असतीलच, हे तो सिनेमा पाहताना ध्यानात येते. हे दोन्ही सिनेमे मुलांबरोबर पाठोपाठ पाहावेत असे मला वाटते. मारहाण बरीच आहे, तेव्हा अगदी लहानांना दूर ठेवा.

एक गोष्ट मात्र मला पटलेली नाही. मेजरांनी कायदा हातात घेतला, तो मार्ग आपला नव्हे. गावात एकाने हत्यार उचलले की दुसरा उचलतो, मग दोन्ही घरे तुरुंगाच्या आणि कोर्टाच्या वाऱ्या करून धुऊन निघतात. शेते ओसाड पडतात. पण मेजर त्या टोकाला गेले ते कशामुळे, हे विसरून चालणार नाही. वस्तीतल्या दहा माणसांनी चौकीवर जाऊन आपापली नावे सांगितली असती, तर त्या शूर माणसाला खुनी व्हावे लागले नसते. दहाजण पुढे आले तर कोणा एकाला निवडून मारणे गुंडांनाही जड जाते.

आपल्याकडे जवान सुट्टीवर आला की आपण त्याला ओवाळतो, चावडीवर मानाने बसवतो. ते योग्यच आहे. पण तो सरहद्द सांभाळतो तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या बापाच्या बांधावर कोणी दांडगाई केली, तर आपण काय करतो? बहुतेक वेळा, नसत्या भानगडीत कशाला पडा, असे म्हणून आपण बैल घेऊन पुढे जातो. सिनेमातल्या वस्तीनेही एवढेच केले होते.

तेव्हा वाचकहो, सिनेमा जरूर पाहा, आणि पाहून झाल्यावर टीव्ही बंद करून घरातल्या मुलांना एक विचारा: त्या वस्तीत तू असतास, तर खिडकी लावली असतीस की खाली उतरला असतास? मुले खरे उत्तर देतात. त्यांनी उलटून तुम्हाला तेच विचारले, तर तुम्हीही खरे तेच सांगा.