नळी सुकी आहे का?



आपल्या या पानावर पांढुर्णा-सौंसरच्या पुष्कळ आठवणी येऊन गेल्या. गोटमार झाली, जामसावळीचा मारुती झाला, छोटी गाडी झाली, संत्र्याच्या पेट्याही झाल्या. माझी आठवण जरा वेगळी आहे. ती रायफलीच्या नळीची आहे. जन्मभर बँकेत खातेवह्या तपासलेल्या बी.कॉम. माणसाचा रायफलीशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि तो एका माणसाला सांगायला मला चोपन्न वर्षं लागली.

मी पांढुर्ण्याचा. 1956 साली राज्यांची फेररचना झाली, नागपूर-विदर्भ तिकडे गेला आणि आपण मध्य प्रदेशातच राहिलो. घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि पोरगा मॅट्रिक झाला की शिकायला नागपूर, असा आपल्याकडचा शिरस्ता. मीही 1967 मध्ये कॉमर्सला नागपूरला गेलो. तिथं सौंसरचा एक मुलगा भेटला. मी इटारसी लाईनच्या पॅसेंजरनं येणारा, तो नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं. दोघांची भाषा एक, डब्यातली चटणी एक. एकाच खोलीत राहिलो. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. सौंसरकर मित्र म्हणतो.

चीनच्या युद्धानंतर 1963 पासून कॉलेजात एनसीसी सक्तीची होती. 1968 ला सक्ती गेली आणि अर्धी मुलं गळाली. आम्ही दोघं राहिलो. मी राहिलो ते परेडनंतरच्या नाश्त्यासाठी, हे आता कबूल करायला हरकत नाही. तो मात्र मनापासून राहिला. त्याला फौजेत जायचं होतं.

आमच्या हातात .303 रायफल असे. शिकवायला फौजेतले हवालदार होते, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पहिले पंधरा दिवस त्यांनी गोळी दाखवली नाही, नुसती नळी दाखवली. आधी मॅगझिन काढायची, बोल्ट मागे घ्यायचा, चेंबरमध्ये बोट घालून रिकामं आहे याची खात्री करायची, मग बोल्ट बाहेर काढायचा. त्या जागी अंगठ्याचं नख किंवा पांढऱ्या कागदाचा तुकडा तिरपा धरायचा म्हणजे उजेड आत जातो, आणि पुढच्या तोंडातून एक डोळा मिटून पाहायचं. आत पाच खाचा, डावीकडे पीळ घेत गेलेल्या. दहा इंचांना एक फेरा. म्हणजे पंचवीस इंचांच्या नळीत अडीच फेरे, हा हिशेब मी लगेच केला होता. या पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते, म्हणून ती सरळ जाते. आत चकचकीत हवं. काळे ठिपके दिसले तर गंज. एखादं काळं कडं दिसलं तर नळी तिथं फुगली आहे, ती रायफल बाजूला.

साफसफाईला दोरी असे, एका टोकाला पितळेचं वजन. तिचं नाव पुल थ्रू, पण आम्ही सगळे फुलतुरू म्हणायचो. तिच्या फाशात फलालीनची चिंदी अडकवायची. पुसायची चिंदी चार इंच बाय दोन, तेलाची चार बाय दीड. वजन मागून सोडायचं आणि पुढून एका दमात, अगदी सरळ ओढायचं. वाकडी ओढली की दोरी नळीच्या तोंडाला घासते. वर्षानुवर्षं तसं घासलं तर तोंडाची कड एका बाजूनं झिजते आणि मग रायफल कितीही चांगली असो, गोळी भलतीकडे जाते. विहिरीच्या दगडाला रहाटाच्या दोराची जशी खाच पडते तसंच. गोळीबार झाला की त्या काळच्या काडतुसांचा क्षार आत राही आणि तो हवेतलं पाणी ओढून घेई. म्हणून उकळतं पाणी ओतून नळी धुवायची, कोरडी करायची, मग तेल द्यायचं. आणि दुसऱ्या दिवशी चालवायच्या आधी ते तेल पूर्ण पुसून काढायचं. ओल्या नळीतून पहिल्या एक-दोन गोळ्या आपल्या जागी पडत नाहीत. चेंबरला तेल राहिलं तर .303 ची गोळी वर चढते. उस्तादांचा रोजचा प्रश्न ठरलेला: "नली सूखी है?"

1969 मध्ये कामठीच्या बाजूला कॅम्प लागला. शेवटच्या दिवशी शंभर यार्डांवर पाच गोळ्यांचं ग्रुपिंग होतं. पाचही चार इंचांच्या गोलात बसल्या तर चांगलं समजायचं. त्यावरून पुढच्या निवड शिबिरासाठी नावं जाणार होती. दोघांत एक रायफल. आधीच्या संध्याकाळी सफाईची पाळी माझी होती. पाऊस लागलेला, आणि तंबूपलीकडे बडा खाना मांडलेला. मी घाईघाईत तेलाची चिंदी फिरवली, गंज नको म्हणून भरपूर तेल दिलं. तिथवर चूक नव्हती. सकाळी सुकी चिंदी फिरवायचं कामही माझंच होतं. चहाच्या रांगेत उशीर झाला. उस्तादांनी रांगेतून जाताना विचारलं, "नली सूखी है?"

मी म्हणालो, "जी, उस्ताद."

पहिल्या डिटेलमध्ये मित्र होता. दुसऱ्यात मी, त्याच रायफलीवर. त्याच्या पहिल्या दोन गोळ्या वर गेल्या, एक तर कागदाच्या काठावर. उरलेल्या तीन रुपयाच्या नाण्यानं झाकता आल्या असत्या. पण ग्रुप पाचाचा मोजतात, तिनाचा नाही. मग मी आडवा झालो. तोवर त्याच्या पाच गोळ्यांनी नळी सुकवून, तापवून ठेवली होती. माझ्या पाचही नीट बसल्या. नाव माझं गेलं.

मी बोललो नाही. त्या दिवशी नाही, खोलीवर परत आल्यावर नाही, बी.कॉम. होऊन निघालो तेव्हाही नाही. पुढच्या शिबिरात मी काही दिवे लावले नाहीत. पण सर्टिफिकेट मिळालं, आणि 1972 मध्ये बँकेच्या मुलाखतीत साहेबांनी अर्धा वेळ त्याच कागदावर गप्पा मारल्या. मला नोकरी लागली. त्याचे वडील आजारी पडले आणि तो सौंसरकडे संत्र्याच्या बागेत परतला. फौजेचा फॉर्म भरला नाही. ग्रुपिंगमुळे भरला नाही असं मी म्हणत नाही. पण तसं नाही, असंही मला कधी म्हणता आलं नाही.

नोकरीत बंदूक पुन्हा भेटली. आपल्याच पट्ट्यातल्या एका शाखेत मी अकाउंटंट म्हणून आलो. शाखेला गार्ड होता, फौजेतून निवृत्त, आम्ही त्याला हवालदारकाका म्हणायचो. त्याच्याकडे बारा बोअरची दुनळी. दर महिन्याला बंदूक तपासल्याची रजिस्टरमध्ये सही करायची. आधीच्या पानांवर महिन्यामागून महिना एकच शेरा: "ठीक". मीही तीन महिने तेच लिहिलं. चौथ्या महिन्यात काय वाटलं कोण जाणे, म्हणालो, "काका, उघडा बरं, पाहू."

काकांनी दुनळी मोडून आभाळाकडे धरली. ते म्हणाले, "साहेब, हिच्यात पीळ नसते, सपाट नळी. आत उजेडाचे गोल दिसते, एकात एक, अंगठ्यासारखे. गोल तुटला का समजा नळी चेपली." डाव्या नळीत गोल एकात एक दिसले. उजवीत काहीच दिसेना. अंधार. गज घालून पाहिला तर माती पडली. कुंभारीण माशीनं आत घर केलं होतं. काका सुट्टीवर होते त्या दिवसांत बंदूक कोपऱ्यात उभी होती, तेवढं तिला पुरलं. त्या नळीतून काडतूस उडालं असतं तर नळी फुटून काकांच्या तोंडावर आली असती. काकांचा हात थरथरत होता. त्यांना आपली चूक वाटत होती. पण रजिस्टरात "ठीक" लिहिणारा मी होतो. त्या रात्री मला कामठीचा पाऊस आठवला. पुढं निवृत्त होईपर्यंत मी न पाहता सही केली नाही, बंदुकीच्या रजिस्टरवर नाही आणि दुसऱ्याही कागदावर नाही. हाताखालची मुलं मला किरकिऱ्या म्हणत. म्हणू देत.

आता 2023. ऑक्टोबरात आपला पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, हे आपल्याकडच्या शेतकरी घरांना माहीत आहे. मित्राकडे त्याच्या वडिलांची .315 रायफल आहे. वडील गेल्यावर परवाना त्याच्या नावावर झाला. 1972 चा वन्यजीवांचा कायदा आला, पुढं शिकार बंद झाली, त्यामुळे ती चालवायचं कारणच राहिलं नाही. निकाल लागल्यावर डिसेंबरात त्याचा फोन आला. "रायफल ठाण्यातून आणली. पोराले परवाना नाई पायजे. विक्रेत्याकडे देऊन टाकतो. त्याआधी एकडाव साफ करू. ये."

मी बसनं गेलो. त्याच्या बागेतल्या घराच्या ओसरीवर चटई टाकली. अंबिया बहाराची संत्री उतरून गेली होती, झाडं हलकी वाटत होती. त्यानं मॅगझिन काढली, बोल्ट मागे घेतला, चेंबरमध्ये बोट घातलं. चोपन्न वर्षांनंतरही हात बरोबर त्याच क्रमानं चालले. मी वहीचा कागद तिरपा धरला. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, माझं व्हायचं होतं, म्हणून पाहायचं काम त्याच्याकडे.

"मधात दोन-चार ठिपके हायेत. तोंड चांगलं हाये. बाबानं दोरी कधी वाकडी वढली नाई."

चार चिंद्या काळ्या आल्या, पाचवी करडी, सातवी पांढरी. मग तेलाची. मी तेलाची बाटली हातात धरून बसलो होतो आणि तिथंच बोललो. सगळं. चहाची रांग, "जी, उस्ताद", त्याच्या दोन गोळ्या, माझ्या पाच.

त्यानं दोरी गुंडाळून ठेवली. म्हणाला, "मले तवाच माईत होतं."

"कसं काय?"

"पयल्या गोळीले निळा धूर निघाला ना बे. तेल जळल्याचा. दुसरीलेबी थोडा."

"मग उस्तादांना सांगितलं काहून नाही?"

तो बराच वेळ गप्प होता. "काय सांगू? रायफल माया हातात होती. गोळी भरायच्या आधी नळी पाहाचं काम ज्याच्या हातात रायफल त्याचं. मी तुया भरोशावर नाई पाहिली. दोन गलत्या झाल्या, एक तुयी, एक मायी." मग जरा थांबून म्हणाला, "पण वाईट वाटलं. गोळीचं नाई. तू एक शब्द बोलशीन म्हणून दोन-तीन वर्षं वाट पाहिली. मंग बागेचं काम लागलं मांगं."

मला रडू आलं नाही, पण मान वर करता आली नाही. आतून वहिनींनी हाक मारली, "भाऊजी, पोहे थंड होऊन रायले." त्यानं रायफल भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "चाल. तिकडे बडा खाना मांडला हाये. आज तरी नळी साफ करून आला तू."

रायफल पुढच्या आठवड्यात गेली. त्यानंतर आमचं फोनवर बोलणं वाढलं. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. या प्रकारातलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक, गुण 451.4. त्या खेळात दहाचा गोल अवघा 10.4 मिलिमीटरचा असतो, शर्टाच्या बटणाएवढा, आणि तो पन्नास मीटरवरून. मी टीव्हीसमोर श्वास धरून बसलो होतो. शेवटची गोळी झाली आणि लगेच फोन वाजला.

"पाहिलं का बे? नळी सुकी होती त्याची!"

आम्ही दोघं म्हातारे फोनवर पाच मिनिटं हसत होतो. सूनबाई खोलीत डोकावून गेली, बाबांना काय झालं म्हणून.

मंडळी, माझं वय आता पंचाहत्तर. लिहायचं कारण एवढंच की तुमच्यापैकी कोणाचा असा एखादा शब्द राहिला असेल तर समोरचा माणूस आहे तोवर सांगून टाका. बहुतेक त्याला माहीतच असतं. आणि आपल्या भागातले त्या काळचे एनसीसीवाले कोणी इथं असतील, तर फुलतुरू म्हणत होतात की आणखी काही, तेही खाली लिहा. आमच्या दोघांत त्यावर पैज लागली आहे.