येळवणीचा पाडवा

पाडव्याच्या आदल्या दिवशी सिकंदराबादच्या बाजारात कडुनिंबाचा मोहोर, कैऱ्या, नवी चिंच आणि गुळाच्या ढेपा शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. तेलुगू घरची बाई पच्चडीसाठी मोहोर निवडून घेते, मराठी घरची गुढीला बांधायला पाल्याची डहाळी. गूळ आणि हरभऱ्याची डाळ दोघींनाही हवी असते.

उगादी आणि पाडवा एकाच दिवशी येतात, कारण पंचांग एकच. मराठी असो की तेलुगू, महिना अमावास्येला संपतो आणि शालिवाहन शकाचं वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होतं. गल्लीतल्या तमिळ घरांचं वर्ष सौर, ते एप्रिलच्या मध्यावर. म्हणून पाडव्याच्या सकाळी एकाच इमारतीत दोन-तीन मजल्यांवर पुरण शिजत असतं. एकीकडे त्याच्या पोळ्या होतात, दुसरीकडे बक्षालू.

ही शेजारओळख जुनी आहे. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. शिक्षण, नोकरी, कोर्टकचेरी, सगळ्यासाठी परभणी-नांदेडची माणसं राजधानीला यायची. १९५६ साली भाषावार राज्यं झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पण इथं रुजलेली घरं इथंच राहिली. त्यांच्या फडताळात काळ्या मसाल्याचा डबा आजही गावाकडून येतो.

आता पुरणपोळी मिठाईच्या दुकानात तयार मिळते, आणि नोकरी करणाऱ्या घरानं ती आणली तर त्यात काही बिघडत नाही. पण येळवणीची आमटी विकत मिळत नाही. ती हवी तर डाळ घरीच शिजवावी लागते. सण घरात टिकलाय तो या पातेल्यामुळे, पोळीमुळे नव्हे.

डाळ बोटचेपी शिजली की रोवळीत उपसायची; खाली उरतं ते पिवळसर, दाट पाणी म्हणजे येळवणी. डाळीत तेवढाच गूळ घालून आटवायचं, उलथनं मधोमध उभं राहिलं की पुरण झालं. मग वेलची, जायफळ. इकडे येळवणीत मूठभर डाळ घोटून सोडायची. नैवेद्याच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नाही, म्हणून सगळी भिस्त सुक्या खोबऱ्यावर: ते तांबूस, जवळजवळ काळपट होईपर्यंत भाजायचं आणि काळ्या मसाल्याबरोबर वाटायचं. चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, चमचाभर पुरण, वरून मोहरी-कढीपत्त्याची चरचरीत फोडणी. सिकंदराबादच्या मराठी सुगरणी कोळ जरा सढळ हातानं घालतात. तेलंगणाची जीभ आंबटावर पोसलेली, आणि इतक्या वर्षांच्या शेजारात ती त्यांचीही झाली आहे. आमटीला ते शोभतंही.

दुपारी वाट्यांची देवघेव होते. खालून वर पच्चडी येते, कैरी, चिंच, गूळ, मीठ, तिखट आणि मोहोर अशा सहा चवींची. वरून खाली आमटी जाते, झाकण लावून, कारण ती सांडली तर डाग निघत नाही.

सणाला आलेले पाहुणे दुसऱ्या दिवशी देवगिरी एक्सप्रेसनं नांदेड, परभणी, जालन्याकडे परततात. त्यांच्या डब्यात तुपाच्या पोळ्या जातात. आमटी प्रवासाला सोसत नाही. ती घरच्यांच्या वाट्याला येते, रात्रभर मुरलेली, आदल्या दिवसापेक्षा घट्ट आणि चवदार. दुपारी गरम भातावर ओतली की दुसरं काही रांधावं लागत नाही.