अंबडजवळची अक्षय ठेव

अंबड म्हटले की औद्योगिक वसाहत डोळ्यांसमोर येते: कारखान्यांच्या रांगा, मालाची वाहने, पाळी सुटल्यावरची कामगारांची गर्दी. या वसाहतीपासून थोड्याच अंतरावर, मुंबई-आग्रा महामार्गालगत, त्रिरश्मी डोंगर उभा आहे. त्याच्या कड्यात कोरलेली २४ लेणी ‘पांडवलेणी’ म्हणून प्रसिद्ध आहेत. मूळची ती बौद्ध भिक्षूंची. तथापि ११ क्रमांकाच्या लेण्यात भगवान ऋषभदेवांची मूर्तीही आहे. तिचे दर्शन घेतल्यावर व्यापारी घराण्यातील यात्रेकरूने शेजारच्या १० क्रमांकाच्या लेण्यातही अवश्य थांबावे. तेथील शिलालेखात एका दानाचा चोख हिशेब नोंदलेला आहे.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १,९०० वर्षांपूर्वी हे लेणे चारी दिशांच्या भिक्षुसंघास अर्पण केले. सोबत ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, दिली. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवण्यात आली: २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक आणि १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपयोग करावयाचा, अशी अट होती. २,००० कार्षापणांचे वर्षाचे व्याज २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते; तेही २४०च. हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतसर नोंदविला गेला.

चातुर्मासाची परंपरा जपणाऱ्या समाजाला या हिशेबाचे मर्म सांगावे लागत नाही. पावसाळ्यात एके ठिकाणी राहून साधना करणाऱ्यांना वस्त्राची चिंता राहू नये, एवढाच त्यामागील हेतू. भावनेच्या भरात दिलेले दान त्या दिवसापुरते मोठे दिसते. गरज ओळखून केलेली तरतूद वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

मात्र शिलालेखात आणखी एक गोष्ट लक्षात येते. दात्याचे नाव, त्याचे कुळ, त्याच्या अन्य दानांची यादी हे सर्व भिंतींवर सविस्तर आहे. ज्यांच्या श्रमातून व्याज यावयाचे होते, त्या विणकरांपैकी एकाचेही नाव नाही. उषवदाताने मुद्दल एकदा दिले. विणकरांना मात्र महिन्यामागून महिना माग चालवावा लागणार होता. दान एका दिवसात पूर्ण होते, सेवा रोज नव्याने करावी लागते.

आंतरिक उन्नतीचेही असेच आहे. पर्वकाळातील तप आणि त्यानिमित्त होणारा सन्मान सर्वांना दिसतो. रोजच्या सामायिकाची ४८ मिनिटे कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. दुकान, उधारी, वसुली यांच्या धावपळीत प्रथम काटछाट होते ती याच वेळेची. वस्तुतः ते मुद्दल आहे. त्याला हात न लावता जो संयम आणि करुणा मिळते, तीच घरी, दुकानी व परोपकारात खर्च करावी. मुद्दलच संपले, तर सेवेत अधीरता येते आणि दानाबरोबर नावाच्या फलकाची ओढ वाढते.

पायऱ्या उतरून यात्रेकरू पुन्हा महामार्गावर येतो, तेव्हा अंबडच्या कारखान्यांत कोणती ना कोणती पाळी चालू असते. समाजातील कित्येक धर्मशाळा, पांजरपोळ आणि दवाखाने उद्योग-व्यापारातील कमाईवरच उभे आहेत. त्या कमाईत ज्यांच्या हातांचा वाटा आहे, त्यांच्या मुलांचे शिक्षण आणि औषधपाणी हीही सेवाच आहे, याचे स्मरण ठेवून डोंगराचा निरोप घ्यावा.