मामींचा मिक्सर

परदेशी निघालेली माणसं सांगलीतल्या माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात येतात ती पिशवी भरूनच. सून बाळंत व्हायची आहे, तिकीट काढून झालंय आणि प्रश्न ठरलेला, "कन्व्हर्टर कुठला घेऊ?"

मी आधी सगळं टेबलावर मांडायला लावतो आणि भिंग काढतो. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत '100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ' दिसलं की विषय मिटला. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा यांच्या चार्जरला कन्व्हर्टर लागतच नाही, पिनेचा अडॅप्टर पुरतो. अडॅप्टरनं पिन बदलते, व्होल्टेज नाही, हे मात्र प्रत्येकाला दोनदा सांगावं लागतं. लंडनला निघालेल्यांचं सोपं, तिथं आपल्यासारखंच 230 व्होल्ट. अमेरिकेत 120, जपानात तर 100.

साताऱ्याच्या मामी मात्र अमेरिकेला न्यायला 750 वॅटचा मिक्सर घेऊन आल्या. चटणी वाटायची तर ह्याच भांड्यात, असा हट्ट. मी पाटी दाखवली : फक्त 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ.

"मग तो डबा लाव की, स्टेप-अप का काय ते."

"मामी, लावता येईल. पण 750 ला 750 चा डबा चालत नाही. मोटार सुरू होताना जोरात करंट खेचते, दुप्पट क्षमतेचा घ्यावा लागतो. आत सगळं लोखंड आणि तांबं. आठ-दहा किलोंचं धूड होतं ते."

"आणि बॅगेत किती नेता येतं?"

"बहुतेक तेवीस किलो."

मामींनी मनातल्या मनात मसाल्याचे डबे मोजले असावेत.

50 हर्ट्झची काळजी मिक्सरला नव्हती. त्याच्या मोटारीत कार्बन ब्रश असतात, ती तिकडच्या 60 वरही फिरते. घरघंटीचं तसं नाही. तिची इंडक्शन मोटार कोयनेच्या विजेवर मिनिटाला 1440 फेरे घेत असेल, तर तिकडं सतराशेच्या वर जाईल. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही.

बाजारात हलके, स्वस्त कन्व्हर्टरही असतात, हजार-दोन हजार वॅट लिहिलेले. ते इस्त्रीसारख्या नुसत्या तापणाऱ्या वस्तूंसाठी. विजेची लाट ते अर्धवट कापून देतात. मोटारीला आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटला ती मानवत नाही. मी ते कुणालाच सुचवत नाही.

मामींना मी तिकडच्या भारतीय दुकानातून 110 व्होल्टचा मिक्सर घ्यायला सांगितलं. इथल्याच बनावटीचा, भांडीही तशीच. त्या कुरकुरल्या, पण मिक्सर साताऱ्याला परत गेला.

याच्या उलटी वरातही येते. अमेरिकेहून आणलेला हेअर ड्रायर विट्याच्या एका गिऱ्हाइकानं थेट इथल्या प्लगात घातला. व्होल्टेज जवळजवळ दुप्पट, म्हणजे उष्णता साडेतीन पटींहून जास्त. कॉइल जागेवर तुटली होती. "दुरुस्त होईल का?" असं त्यानं विचारलं. होईल, पण दुरुस्तीनंतर त्याला स्टेप-डाऊन घ्यावा लागेल, आणि त्या पैशात इथला नवा ड्रायर येतो, असं मी सांगितलं. तो तिथंच ठेवून गेला. प्लास्टिक चांगलं आहे, पंखा शाबूत आहे, काढून ठेवलाय.