बुरोंडीची काजळी

दिवाळीला आठ दिवस उरले, की बुरोंडीच्या घरी थोरल्या वहिनींचे एकच टुमणे सुरू होते : देवघराच्या तुळईवरची काजळी काढा! यंदा ते काम भाच्याकडे आले. दापोलीहून एस. टी.ने आम्ही नुकतेच उतरलो होतो. त्याने तुळईवरून बोट फिरवले, काळ्या बोटाकडे पाहिले आणि म्हणाला, "मामा, माझी दोन वर्षं अशीच पुसून गेली!"

मुलगा पुण्याला काजळीवर संशोधन करतो. "काजळीत काय शोधायचं?" असे वहिनी विचारतात. खरे सांगायचे, तर मलाही उमगले नव्हते. ते उमगले दुसऱ्या सकाळी, आणि तेही परशुरामाच्या पायाशी!

गावालगत उंचावर परशुरामाचा ताम्रवर्णी पुतळा आहे. भार्गवराम उभे आहेत पृथ्वीच्या अर्धगोलावर. तो घुमट पाहून भाच्याची कळी खुलली. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन गृहस्थाने १९६७ साली माँट्रियलच्या प्रदर्शनात जाळीदार गोल घुमट उभारला होता. पुढे १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना कार्बनच्या ६० अणूंचा पोकळ चेंडू सापडला. १२ पंचकोन, २० षट्कोन, हुबेहूब फुटबॉल! फुलरवरून त्याचे नाव फुलरिन पडले. १९९६ चे नोबेल पारितोषिक याच शोधाला. हे चेंडू चमचाभर मिळू लागले १९९० पासून, ग्रॅफाइटच्या कांड्या हेलियम वायूत विजेने जाळून धरलेल्या काजळीतून.

"मग अडलं कुठं?"

"बंदरावर चला, दाखवतो."

बंदरावर एक म्हातारे तांडेल जाळे सांधत बसले होते. भाचा त्यांच्यापुढे उकिडवा बसला. निर्वात पेटीत फुलरिनची पूड तापवली, की तिची वाफ होते आणि काचेवर पातळ थर बसतो. मिलिमीटरचा दहा हजारावा भाग, इतका पातळ. पण त्यातले चेंडू नुसते शेजारी टेकलेले. टोल्युइनमध्ये बुडवा, विरघळून जांभळे पाणी! त्यांच्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडला, तर शेजारच्या चेंडूंचे हात एकमेकांत गुंततात आणि थर टणक होतो, विरघळेनासा होतो. दुसरी रीत अशी, की झोत थेट पुडीवरच मारायचा. मग उडालेले चेंडू काचेवर बसतानाच गुंफले जातात.

"म्हंजे सुताचं जाळं केलंस," तांडेल म्हणाले. "गाठ मारल्याबिगर सूत कामाचं न्हाय."

"अगदी! पण काका, झोत कमी पडला तर गाठच बसत नाही. जास्त झाला तर चेंडूच फुटतात, आणि उरते साधी काजळी. वहिनीमामीची!"

झोत काही हजार व्होल्टचा पुरतो. खारघरला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इलेक्ट्रॉन बीम सेंटरमध्ये तर एक कोटी व्होल्टच्या ताकदीचा झोत आहे. विजेच्या तारांवरचे प्लॅस्टिक उष्णतेला टिकावे म्हणून असल्याच बलवान झोतांनी पक्के करतात. भाच्याचे काम नाजूक. दांडगाई तिथे उपयोगाची नाही. त्याची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते. हे तो मला घाटात बोलला होता, आईला सांगू नका म्हणून.

तांडेलांनी होडीचा गंजलेला खिळा दाखवला. "खारं वारं सगळं खातं, पोरा. ह्यो लेप याला लागंल काय?"

मला वाटले, आता हा हो म्हणेल. तरुण माणसे म्हणतात. पण भाच्याने खिळा तळहातावर फिरवला आणि म्हणाला, "नाही काका. माझी पेटी एवढीशी. काचेच्या तुकड्यावरसुद्धा थर अजून धड टिकत नाही."

"मग टिकला, की सांगायला ये," म्हणून ते पुन्हा जाळ्याकडे वळले.

परतताना भाच्याने तो खिळा मागून घेतला. वहिनींनी फडके त्याच्या हाती दिले तेव्हा खिळा त्याच्या खिशातच होता.